गाडी कोणाची, पैसा कोणाचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला कोणी विदुषी येऊन आपल्याला चार चांगल्या गोष्टी सांगून जाते. ह्या वर्षी चिटणीसबाईंनी ठरवले की बोलणारी बाई आपल्यातलीच असावी, आणि ती पाळी माझ्यावर आली. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आजवर मी चारचौघींत उभी राहून बोलले ती हळदीकुंकवात उखाणा घेण्यापुरती. तेव्हा शब्द इकडचा तिकडे झाला तर सांभाळून घ्यावे, ही विनंती.

विषय ऐकून काही जणींनी भुवया चढवल्या असतील. मुलांच्या संगणकावरचा चोऱ्या-दरोड्यांचा खेळ, त्यातली कमाई आणि त्यातल्या गाड्या, हा काय महिला मंडळात बोलण्याचा विषय झाला? मलाही आधी तसेच वाटे. परंतु आपल्यापैकी ज्या घरात बारा ते वीस वर्षांचा मुलगा आहे, त्या घरात हा विषय रोज रात्री जेवणाच्या ताटावर बसलेला असतो. शिवाय ह्या विषयाच्या पोटात आपल्या भिशीचा एक हिशोब दडलेला आहे. तो मी आजवर कोणाला सांगितलेला नाही. तो सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

आमचे बिऱ्हाड सिडकोत. हे वाळूजला एका लहानशा कारखान्यात मोटारसायकलचे सुटे भाग करण्याच्या कामावर आहेत. आपले शहर म्हणजे गाड्यांचेच शहर. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, पुढे २००१ च्या सुमारास शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारी जोडल्या जाऊ लागल्या, आणि त्यांच्या आधाराने कितीतरी घरांच्या चुली पेटल्या. त्यांतलीच एक आमची. गाडीला किती खिळे, किती वायसर लागतात हे आमच्या घरात भाजीच्या भावासारखे बोलले जाते.

२०२० साल आठवा. टाळेबंदी होती. कारखाना बंद, शाळा बंद, मुले घरात कोंडलेली. थोरल्याच्या कॉलेजसाठी जुना संगणक घेतलेला होता. त्या मे महिन्यात एपिक गेम्स नावाच्या संगणकी दुकानाने एक खेळ आठवडाभर अगदी फुकट देऊन टाकला. त्या आठवड्यात जगभर लोकांची एवढी झुंबड उडाली की ते दुकान काही तास बंदच पडले होते, असे मुले सांगतात. थोरल्याने तो खेळ उतरवून घेतला. फुकट मिळाला म्हणून मीही खूश झाले. फुकटचा साबण मिळाला तरी आपण दोन दुकाने पालथी घालतो! पुढे थोरला नोकरीला पुण्यास गेला, आणि संगणक व खेळ दोन्ही धाकट्याच्या वाट्याला आले.

खेळाचे नाव ग्रँड थेफ्ट ऑटो. मुले जीटीए म्हणतात. ह्या नावाचा अर्थ मी विचारला तेव्हा धाकटा जरा चाचरला. अमेरिकेत मोटारचोरीच्या गुन्ह्याला हे नाव आहे. म्हणजे नावातच चोरी. पहिला खेळ १९९७ साली स्कॉटलंडातल्या डंडी गावच्या मंडळींनी बनवला. आता मुले खेळतात तो पाचवा भाग १७ सप्टेंबर २०१३ रोजी आला, आणि जगातल्या अनोळखी लोकांबरोबर एकत्र खेळण्याची त्याची शाखा त्याच साली १ ऑक्टोबरला उघडली. त्यात लॉस सँटोस नावाचे एक शहर आहे, अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसची हुबेहूब नक्कल. खेळणाऱ्याने तिथे गुन्हेगार व्हायचे, पैसा कमवायचा आणि गाड्या जमवायच्या. मारामारी, रक्तपात आणि न ऐकवणारी भाषा त्यात भरपूर आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी हा खेळ नाही, असे युरोपात त्याच्यावर स्पष्ट छापलेले असते. माझा धाकटा सोळा वर्षांचा. तो आकडा मी पाच वर्षे पाहिलाच नाही, ही माझी पहिली चूक.

मागल्या वर्षी गणपतीच्या सुमारास मी एकदा फार संतापले. अभ्यास सोडून रात्री साडेअकरापर्यंत ठो-ठो आवाज चाललेला. संगणकाची वायर उपटून टाकावी असे मनात आले. पण हे म्हणाले, "अगं, आधी बघ तरी तो काय करतो ते. नुसते ओरडून उपयोग नाही." म्हणून दुसऱ्या दिवशी मी निवडायची तूरडाळ ताटात घेतली आणि त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसले. तो दचकला. मी म्हटले, "मला समजावून सांग. पैसा कुठून येतो आणि जातो कुठे, तेवढेच सांग."

भगिनींनो, घरखर्चाची वही लिहिणारी बाई कोणताही हिशोब वाचू शकते. तीन संध्याकाळी मी बसले आणि दुधाच्या वहीच्या मागल्या पानावर त्या खेळाचा जमाखर्च मांडला. तो ऐकण्यासारखा आहे.

आधी जमेची बाजू. नवा खेळाडू येतो तेव्हा त्याच्याजवळ फारसे काही नसते. तो रस्त्यावरची उभी गाडी काच फोडून पळवतो आणि गॅरेजात नेऊन विकतो. मिळतात काही हजार डॉलर. पण गॅरेजवाला दिवसाकाठी एकच गाडी घेतो. तिथला दिवस आपल्या घड्याळाने अठ्ठेचाळीस मिनिटांचा असतो. फार भारी गाडी नेली तर तो हातच लावत नाही. म्हणजे भुरट्या चोरीत पोट भरते, बरकत येत नाही. मग मोठी कामे. पहिला दरोडा एका लहान बँकेवर, दोघांनी मिळून घालायचा. पुढचे चौघांचे. ह्या कामांत जो म्होरक्या असतो त्याला आधी खिशातून खर्च करावा लागतो आणि कोणाचा वाटा किती हेही तोच ठरवतो. आपल्या भिशीत चिठ्ठी निघते, तिथे म्होरक्याची मर्जी. त्यावरून मुलांची भांडणे होतात हे सांगायला नकोच. डिसेंबर २०२० मध्ये एका बेटावरच्या दरोड्याची भर पडली. तो एकट्यालाही करता येतो, पण त्यासाठी आधी बावीस लाखांची पाणबुडी विकत घ्यावी लागते. त्यात फार पैसा सुटतो असे दिसल्यावर पुढे कंपनीनेच ती मिळकत कमी केली. सरकारने हमीभाव पाडावा तसेच हे!

आता खर्चाची बाजू. म्होरक्या व्हायचे तर भारी घर हवे. गाड्या ठेवायला गॅरेज हवे. घराचा आणि धंद्याचा रोजचा खर्च आपोआप कापला जातो, मेकॅनिकचा पगार कापला जातो. गोळ्या-दारूगोळा विकत. गाडीचा विमासुद्धा आहे! दुसऱ्याने तुमची गाडी उडवली तर भरपाई त्याच्या खिशातून, तुम्ही स्वतः आपटलीत तर तुमच्या. रोख पैसा अंगावर बाळगला तर दुसरा खेळाडू लुटारू पाठवून तो लांबवू शकतो, बँकेत टाकला तर सुरक्षित. हे ऐकून मी हसले. डब्यात पैसे ठेवू नका, खात्यात टाका, हे आपल्या मंडळात आपण दहा वर्षे सांगत आलो. आणखी एक गोष्ट मी टिपून ठेवली. त्या खेळात उधारी नाही, कर्ज नाही, हप्ता नाही. पूर्ण रक्कम जमली तरच गाडी दारात येते.

आणि गाड्या! शेकड्यांनी आहेत. मी विचारले, "एवढ्यांतून निवडतोस कशी?" तेव्हा ह्या माझ्या पोराने, ज्याला घरात भाजी आणायला पाठवले तर जून भेंडी घेऊन येतो, मला अगदी शहाण्या माणसासारखे उत्तर दिले. म्हणाला, "आई, गाड्या तीन जातीच्या. एक मिरवायची, एक कामाची, एक दुसऱ्याला छळायची." मिरवायची म्हणजे ती बसकी, चकचकीत, दहा-वीस लाखांची. नवशिके हौसेने आधी तीच घेतात, आणि पहिल्याच संध्याकाळी कोणीतरी ती पेटवून देतो. ती काही कमावून देत नाही. कामाची म्हणजे कुरुमा नावाची चिलखती मोटार. दिसायला साधी, चार माणसे बसतात, पण गोळ्यांना काचा दाद देत नाहीत. बाँबपुढे मात्र तिचेही काही चालत नाही. पहिला दरोडा पार पडला की ती पाच-सात लाखांत मिळते, आणि नवशिक्याने दिखाऊ गाडीच्या आधी तीच घ्यावी असे जाणते खेळाडू सांगतात. तिसरी जात म्हणजे ऑप्रेसर नावाची उडती मोटारसायकल. तिची दुसरी आवृत्ती २०१८ साली आली. आकाशातून येऊन दुसऱ्यावर क्षेपणास्त्रे सोडायची. तिच्या जाचाला लोक इतके कंटाळले की २०२२ मध्ये कंपनीने तिचा नेम कमजोर केला आणि किंमत एकोणचाळीस लाखांवरून ऐंशी लाखांवर नेली.

"आधी कामाची गाडी, मग मिरवायची," असे तो म्हणाला तेव्हा मला आपल्याच गावची एक गोष्ट आठवली. आपल्यापैकी पुष्कळ जणींना आठवत असेल. २०१० चा ऑक्टोबर महिना. तेव्हा आपल्या शहराचे नाव औरंगाबादच होते. इथल्या उद्योगपती, डॉक्टर, व्यापारी अशा मंडळींनी मिळून एकदम दीडशे मर्सिडीज मोटारी घेतल्या. पासष्ट कोटींचा सौदा. देशभरच्या वर्तमानपत्रांत आपल्या शहराचे नाव झळकले. आम्ही बायकाही जालना रोडला उभ्या राहून त्या मोटारी पाहत होतो, आणि खोटे कशाला बोलू, अभिमान वाटला होता. आमच्या मराठवाड्याला कोणी विचारत नाही, त्यांनी पाहिले, असे वाटले. त्या मोटारींना बँकेने सात टक्क्यांनी कर्ज दिले होते. ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला मात्र त्याहून कितीतरी जास्त व्याज पडत होते, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच साली लिहून दाखवले. मिरवायच्या गाडीला पैसा स्वस्त आणि कमावत्या गाडीला महाग! त्या चोरांच्या खेळातही असा उफराटा न्याय मला सापडला नाही.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, ही बाई तर खेळाची तरफदारी करायला उभी राहिली. थांबा. तिसऱ्या संध्याकाळी धाकटा एक निळी गाडी पळवत होता. गाडीतल्या माणसाला त्याने हाताला धरून बाहेर ओढले, तो रस्त्यावर पडला, आणि दोन सेकंदांत गाडी वळणाआड गेली. मी डाळ निवडता निवडता सहज विचारले, "ती गाडी कोणाची होती रे?"

तो म्हणाला, "कोणाचीच नाही, आई. तो माणूस खोटा आहे. संगणकातला."

"घरी कसा गेला असेल तो?"

त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू आई खुळावली. पण मला हसू आले नाही, कारण माझ्या डोळ्यांपुढे २०१६ सालची एक संध्याकाळ उभी राहिली. ह्यांनी हप्त्यावर घेतलेली मोटारसायकल भाजीबाजाराबाहेर उभी केली आणि पिशवी भरून परत येईतो ती नाहीशी झाली. वीस मिनिटांचा उशीर. फिर्याद दिली, चार महिने वाट पाहिली, गाडी काही सापडली नाही. विमा तेवढा राहून गेला होता, तीही आमचीच कसूर. गाडी गेली आणि हप्ते राहिले. अकरा महिने आम्ही दारात नसलेल्या गाडीचे पैसे भरले. पहाटेची पाळी असली की हे चार वाजता उठून बसच्या थांब्यापर्यंत चालत जात. धाकटा तेव्हा सात वर्षांचा होता. त्याच्या शाळेच्या सहलीचे पैसे त्या वर्षी भरता आले नाहीत. हे सगळे मी त्याला त्या संध्याकाळी सांगितले. तो काही बोलला नाही. खेळ मात्र लवकर बंद केला.

मला वाटले, समजले पोराला. पण नुसत्या सांगण्याने समजत नसते.

आता भिशीचा हिशोब. आपल्या भिशीत आपण बारा जणी, पाचशे रुपये महिना, एका पाळीला सहा हजार. ती रक्कम माझ्या खात्यात जमते आणि मी पाळीवालीला पोचवते. मोबाईलवरून पैसे पाठवायचे मला नीट जमत नाही. म्हणून तो फोन धाकट्याच्या हाती, आणि त्याचा गुप्त आकडा मीच त्याला तोंडपाठ करून दिलेला. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी.

त्या खेळात खरे रुपये देऊन खोटे डॉलर विकत घेण्याची सोय कंपनीनेच केलेली आहे. शार्क माशांच्या नावांची कार्डे असतात. घातलेला रुपया परत बाहेर काढता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. हा खेळ त्या जातीचा नाही, कारण इथे जिंकून पैसा हाती येत नाही, नुसता जातो. धाकट्याला ती कार्डे महाग वाटली. त्याला ऐंशी लाखांची ती उडती मोटारसायकल हवी होती. वर्गातला एक मुलगा रोज तिच्यावरून येऊन ह्याची चिलखती मोटार फोडत असे. इतक्यात फोनवर कोणा अनोळखी माणसाचा निरोप आला, की अठराशे रुपये द्या, दोन तासांत पाच कोटी डॉलर तुमच्या खात्यात घालून देतो. फक्त खेळाचा परवलीचा शब्द सांगा, म्हणजे काम सोपे होईल.

अशी फसवी भर घातलेली खाती कंपनी बंद करून टाकते, हे त्याला ठाऊक होते. तरी त्याने पैसे पाठवले, माझ्या फोनवरून, आपल्या भिशीच्या सहा हजारांतून. आणि परवलीचा शब्दही दिला. पुढे काय झाले ते तुम्ही ओळखलेच असेल. पैसे गेले, तो माणूस गेला, आणि रात्री धाकट्याने खेळ उघडला तर दार आतून लागलेले. शब्द बदललेला. पाच वर्षांत जमवलेले घर, गॅरेज, पाणबुडी आणि सगळ्या गाड्या दुसऱ्याच्या झाल्या.

रात्री एक वाजता मला हुंदके ऐकू आले. संगणकापुढे बसून पोर रडत होते. मला पाहताच म्हणाला, "आई, माझ्या गाड्या चोरल्या गं!"

भगिनींनो, त्या वेळी मला हसता आले असते, किंवा एक थोबाडीत देता आली असती. पैशाचे मला तोवर ठाऊकही नव्हते. मी नुसते त्याच्या पाठीवरून हात फिरवला. कारण ते रडणे खोटे नव्हते. पाच वर्षांची मेहनत कोणीतरी दोन सेकंदांत हाताला धरून बाहेर ओढली होती आणि वळणाआड गेला होता. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "बाबांना तेव्हा असंच वाटलं असेल ना?" आणि मग अठराशे रुपयांचे सांगितले.

दुसऱ्या दिवशी आपली पाळी होती. ज्या भगिनीला रक्कम जायची होती, तिला ती मुलीच्या फीसाठी हवी होती, हे आपण जाणतो. मी वाण्याचे आणि गॅसचे बाजूला ठेवलेले पैसे घातले, दोनशे कमी पडत होते ते शेजारणीकडून उसने आणले, आणि सहा हजार वेळेवर पोचते केले. त्या महिन्यात आमच्या घरी पंधरा दिवस पिठले-भाकरी झाली. ह्यांनी कारण विचारले, तेव्हा धाकट्यानेच पुढे होऊन सांगितले. हे रागावले नाहीत. जेवण संपवून एवढेच म्हणाले, "बारा बायकांचा पैसा आहे तो. तू फेडायचास."

माझ्या भावाचे दुचाकीचे लहानसे गॅरेज आहे. दिवाळीच्या सुटीत धाकटा मामाकडे जाऊ लागला. सकाळी नऊ ते दुपारी दोन, रोजचे शंभर रुपये. गाड्या धुणे, चेनला तेल घालणे, प्लग साफ करणे, मामाच्या हातात पाना देणे. पहिल्या दिवशी आला तो हाताला ग्रीस, कंबर धरलेली. अठ्ठेचाळीस मिनिटांत इथला दिवस मावळत नाही, हे त्याला कळले! अठराव्या दिवशी त्याने माझ्या हातावर सगळे मिळून अठराशे रुपये ठेवले. त्यातली एक नोट ग्रीसने काळी झालेली होती. ती मी अजून मोडलेली नाही, देवघरात ठेवली आहे.

ह्यापुढची गोष्ट थोडक्यात सांगते. मी नऊ जणांचे जेवणाचे डबे करते. चालत पोचवताना पायांचे तुकडे पडतात. म्हणून जानेवारीत जुनी स्कूटर घेण्याचे ठरले. मला एक लाल, नवी कोरी दिसणारी आवडली होती. धाकटा म्हणाला, "आई, आधी कामाची." पायांपुढे डब्यांची पिशवी सपाट बसेल, सीटखाली जागा असेल आणि सुटे भाग गल्लीतल्या दुकानात मिळतील, अशी पाहा म्हणाला. लाल गाडीवाला भाव बराच कमी सांगत होता. फक्त म्हणत होता की कागद आठवड्याने देतो. मी जवळजवळ हो म्हटले होते. तेव्हा माझ्या पोराने, ज्याने त्या खेळात शेकडो गाड्या पळवल्या असतील, त्या माणसाला सरळ विचारले, "काका, ही गाडी कोणाची आहे?"

त्या माणसाला उत्तर देता आले नाही. आम्ही परत आलो.

पुढे दुसरी राखाडी रंगाची मिळाली. घेताना मामाने आणि भाच्याने जे पाहिले ते तुम्हीही टिपून ठेवा. नोंदणीच्या पुस्तकातला चॅसिसचा आणि इंजिनाचा क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे चिखल पुसून, बॅटरीच्या उजेडात पाहायचे. परिवहन खात्याच्या ॲपवर गाडीचा नंबर घातला की नोंदणी कधीची, विमा कधीपर्यंत, हे दिसते. जुन्या मालकाचे कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा दाखला आणि पस्तीस नंबरचा अर्ज मागायचा. मालकी नावावर करायला एकोणतीस आणि तीस नंबरचे अर्ज लागतात. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही. हे आम्ही अकरा हप्ते भरून शिकलो. आणि धाकट्याला ती गाडी आम्ही चालवू देत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर परवाना काढील, मग चालवील. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर आई-बापाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, असा कायदा २०१९ साली झाला आहे. खेळात वय कोणी विचारत नाही. क्रांती चौकात विचारतात.

खेळ अजिबात सुटला का, असे तुम्ही विचाराल. नाही, खोटे सांगणार नाही. तो जुना खेळ मात्र अठरा पुरी होईपर्यंत बंद, असे आम्ही तिघांनी बसून ठरवले. आता मोटारींच्या शर्यतीचा एक साधा खेळ आहे, तो रविवारी दोन तास खेळतो. मीही कधी शेजारी बसते. माझी गाडी दर वळणावर भिंतीला आपटते आणि तो हसून लोटपोट होतो.

शेवटी मंडळाला माझ्या तीन सूचना आहेत. एक, भिशीची रक्कम ह्यापुढे एकीच्याच फोनवर नसावी, दोघींच्या सहीच्या खात्यात असावी. त्या खात्याची सुरुवात माझ्यापासून व्हावी आणि माझ्याकडचे काम दुसरीकडे द्यावे. दोन, आपल्यापैकी ज्यांना मोबाईलवरून पैसे पाठवणे जमत नाही, त्यांच्यासाठी महिन्यातून एक दुपार शिकवणी ठेवावी, म्हणजे आपला गुप्त आकडा मुलाला सांगण्याची वेळ येणार नाही. फसवणूक झाली तर १९३० ह्या क्रमांकावर ताबडतोब कळवायचे असते. ते मला तेव्हा ठाऊक नव्हते, म्हणून आज तुम्हाला सांगते. तीन, मुलगा खेळत असेल तर वायर उपटण्याआधी एकदा डाळीचे ताट घेऊन शेजारी बसा आणि हिशोब विचारा. पैसा कुठून आला, कुठे गेला, आणि जी गाडी आणलीस ती कोणाची होती. हा शेवटचा प्रश्न त्या खेळात कोणी विचारत नाही. तो घरानेच विचारायला हवा.

ज्या भगिनीची ती पाळी होती, ती समोर बसली आहे. बाई, तुझे पैसे वेळेवर पोचले, पण एक रात्र ते माझ्या हातून निसटले होते. त्याबद्दल तुझी आणि ह्या सभेची मी क्षमा मागते. धाकटाही आज आला आहे, मागे सतरंज्या घालायला. त्याला विचारूनच मी हे सारे बोलले.

एवढे बोलून मी माझे दोन शब्द पुरे करते.